ठकूबाईंचा ळ

"आडनाव?" मी विचारलं.

"लिवलंय की तुमच्या बुकात."

"बुकात इंग्रजीत आहे. मला मराठीत करायचंय. तुम्ही तोंडानं सांगा."

"मोते," तो म्हातारा म्हणाला. मग इकडंतिकडं बघून हळूच पुढं म्हणाला, "म्हंजी हितं मोते म्हनत्यात. आमी मूळचं मोटे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई, भाऊसाहेब. लिवा, मोटे लिवा. अंगानं काय ऱ्हायलो न्हाई, नावानं तरी मोटं ऱ्हाऊ द्या."

व्हरांड्यात बसलेले सगळे हसले. मीही हसलो आणि झोकात 'भिकोबा मोटे' असं लिहून वर रेघ ओढली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्ट सालची. मी तेवीस वर्षांचा होतो आणि सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला, उघड्या माळावर असलेल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत कारकून म्हणून लागलो होतो. दुसरं कुणी त्या जागेला तयार नव्हतं म्हणून ती मला मिळाली. घरी मी 'सरकारी दवाखान्यात' एवढंच सांगितलं होतं, आणि पहिले पंधरा दिवस पिण्याचं पाणीसुद्धा खोलीवरून बाटलीत भरून नेत असे. हे सांगायला आज लाज वाटते, पण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

वसाहत एका गोऱ्या डॉक्टरनं उभी केलेली. तो गेला, नवे विश्वस्त आले, त्यांना रोग्यांची यादी मराठीत हवी होती. जुनी नोंदवही सगळी इंग्रजीत. इंग्रजीला ट काय आणि त काय, ड काय आणि द काय, सगळं सारखंच; आणि ळ तर त्यांच्या गावीच नाही. त्यामुळे माणसं आत येताना एक आडनाव घेऊन यायची आणि आत आली की वहीत उतरलेलं दुसरंच आडनाव त्यांना चिकटायचं. मोट्यांचे मोते झाले होते, काट्यांचे काते झाले होते, एक डेरे होते ते देरे झाले होते. रोजची हजेरी सिस्टर अन्नम्मा त्या वहीवरूनच घ्यायच्या. त्या केरळच्या. माझं नाव कागदावर वाचून त्यांनी पहिल्या दिवशी मला 'मिस्टर वाझ' अशी हाक मारली आणि रविवारी कुठल्या चर्चला जातोस, असं प्रेमानं विचारलं. मी वझे. वाईच्या संस्कृत पाठशाळेतल्या शिक्षकाचा मुलगा. उच्चाराची एक चूक झाली की आमच्या घरी ताटावरून उठवत असत. तेव्हा ही वही म्हणजे माझ्यासाठी पर्वणीच होती.

तिसऱ्या दिवशी ठकूबाईंची पाळी आली.

वहीत होतं, ठकू नाले. वय अठ्ठावीस, गाव बोरखडी, तालुका फलटण, सन छत्तीस. म्हणजे आता त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. हाताची बोटं पेरापेरांनी झिजलेली, पण पदर असा चापूनचोपून घेतलेला की बघत राहावं. वसाहतीतल्या भाजीच्या मळ्याला पाणी देण्याचं काम त्या करायच्या.

"आडनाव?"

"नाले."

"नाले असं आडनाव असतं का कुठं?"

"असतं की. माझंच हाय."

"फलटणकडे नाळे पुष्कळ आहेत. माझे वडील दोन वर्षं तिकडं होते. तुम्ही नाळेच असणार."

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. शेजारचे मोटे आपलं नवं नाव पुटपुटत बसले होते, त्यांच्याकडंही एकदा बघितलं.

"हाय त्येच असू द्या, भाऊसाहेब."

"अहो, पण चूक आहे ती. ही सगळी माणसं बघा, किती खूश झालीत."

"ती झाली आसत्याल. माझं ऱ्हाऊ द्या."

मी हट्टाला पेटलो. दुपारी जेवण झाल्यावर मळ्यात गेलो. त्या दंडाच्या कडेला बसून पायानं माती ओढत पाणी वळवत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला घरचं कुणी आहे?"

"हाय. येक ल्योक हाय. आठ वर्साचा हुता."

"कधी आला नाही?"

"त्याला कसं म्हाईत? दिरानं गाडीत घालून आनलं आन् गावात सांगितलं, म्हायेरी ग्येली हुती, तितंच पटकीनं मेली. बारावं-तेरावं बी क्येलं आसंल माझं."

"मग तर नाव बरोबरच हवं! समजा, त्याला कळलं. तो शोधत आला. 'ठकूबाई नाळे आहेत का' म्हणून विचारलं, आणि वहीत असलं हे नाले. आम्ही नाही म्हणणार आणि तो परत जाणार. एका अक्षरापायी!"

"कोन येतंय?" त्या म्हणाल्या. पाण्याला वाट करून दिली आणि पुन्हा म्हणाल्या, "नगा वो लिवू. तुमच्या पाया पडते."

पाया पडते म्हणाल्या आणि मला वाटलं, अडाणी बाई, सरकारी कागदाला भिते. आपणच तिचं भलं केलं पाहिजे. त्याच दिवशी मी नव्या मराठी वहीत 'ठकू नाळे' लिहिलं. त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतंच. मला इतकं बरं वाटलं की मी त्या ळच्या दोन्ही गाठी जरा जास्तच गोल काढल्या.

होळीच्या आधीची गोष्ट. दुपारच्या एसटीनं दोन माणसं आली. एक पांढऱ्या फेट्याचा म्हातारा, आणि एक त्याचा पुतण्याबितण्या असावा, सदरा-पायजम्यातला. ऑफिसच्या पायरीखालीच उभे राहिले. मी या म्हणालो, बसा म्हणालो, पाणी मागवू का म्हणालो. म्हातारा म्हणाला, "नगं, नगं. आत्ताच प्यालोय."

"कुणाकडं आलात?"

"तसं कुनाकडं न्हाई. येक इचारायचं हुतं. बोरखडीच्या नाळ्यांच्यातली कोन बाई हितं हाय का?"

नाळ्यांच्यातली! त्या माळावर बाहेरच्या माणसाच्या तोंडून तो ळ मी पहिल्यांदा ऐकत होतो. एकतीस वर्षांनी कुणीतरी आलं होतं, आणि मी नाव बरोबर लिहिलं नसतं तर मी काय उत्तर दिलं असतं, याच विचारानं माझा ऊर भरून आला.

"आहेत ना!" मी जवळजवळ ओरडलोच. "ठकूबाई नाळे. थांबा, आत्ता बोलावून आणतो."

म्हाताऱ्यानं पुतण्याकडं बघितलं. ते बघणं मला तेव्हा वाचता आलं नाही.

मी मळ्यात पळतच गेलो. "ठकूबाई, चला! तुमच्याकडं माणसं आलीत. बोरखडीच्या नाळ्यांच्यातली बाई आहे का म्हणून विचारताहेत."

त्या उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. दंडातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं. झिजल्या बोटांमधून निम्मं पाणी सांडलं.

"कसा दिसतुया?"

"दोघं आहेत. एक म्हातारे आहेत, फेटेवाले. एक तिशीचा असेल."

"तिशीचा? माझा चाळिशीला आला आसंल." चालता चालता त्या थांबल्या. "बसल्याती का हुबी हायती?"

"उभे आहेत. बसा म्हटलं, पण नाही बसले."

"पानी घेतलं?"

"नको म्हणाले."

ठकूबाईंनी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. लिंबाच्या झाडाआडून ऑफिसकडं बघितलं. खूप वेळ बघितलं.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमी त्यास्नी काय सांगितलं?"

"आहेत म्हणून सांगितलं. ठकूबाई नाळे."

"नाळे म्हनला?"

"हो. वहीतही तसंच केलंय मी."

मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं. त्या हसल्या.

"आवं, ती सोयरी हायती. सोयरीक जुळायच्या आदी घराण्याची चौकशी करत फिरत्यात. घरात रगतपिती हाय का म्हनून. म्हंजी... म्हंजी नात हाय मला. लगनाची झाली."

मी तिथंच उभा राहिलो. आपण काय करून बसलो ते आता माझ्या डोक्यात शिरलं. घरात महारोग आहे असं कळल्यावर त्या काळी सोयरीक मोडायची, ती एकट्या मुलीची नाही. तिच्या पाठच्या बहिणींची, भावांची, चुलत भावंडांची, सगळ्यांची मोडायची.

"आता?" मी विचारलं.

"तुमी माझ्या मागनं या. आन् काय बी बोलू नगा."

त्या तरातरा चालत गेल्या आणि पायरीपासून दहा हातांवर थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तेवढं अंतर त्यांना पाठ होतं.

"कोन इचारतंया?"

"तुमी नाळे काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाले. थकू नाले." हुबेहूब सिस्टरांच्या तोंडचं नाव त्यांनी सांगितलं. "म्या बार्शीकडली. ह्यो भाऊसाहेब नवा हाय. आयकतो येक आन् समजतो येक."

"बोली तर आमच्याकडलीच वाटती."

"तीस वर्सं हितं काडली, बाबा. माझी बोली कुटली ऱ्हायली आता?"

म्हातारा माझ्याकडं वळला. "भाऊसाहेब, तुमी तर नाळे म्हनला."

जन्मात मी पहिल्यांदा माझी अशी चूक कबूल केली, जी मी केलेलीच नव्हती. "चुकलो मी," मी म्हणालो. "तुम्ही नाळे म्हणालात, मला वाटलं ह्यांच्याचबद्दल विचारताय. ही बघा मूळ वही."

इंग्रजी वही उघडून मी धरली. बोरखडीवर अंगठा ठेवला. पुतण्यानं दुरूनच मान पुढं काढून अक्षरं लावली. "एन, ए, एल, ई. नाले. बरुबर हाय, काका. नालेच हाय."

तेवढ्यात व्हरांड्यातून सिस्टर अन्नम्मांनी हाक मारली, "थकू नाले! ड्रेसिंग!" देवानं त्यांना कुठल्या मुहूर्तावर पाठवलं कुणास ठाऊक. गंमत अशी की सिस्टरांच्या स्वतःच्या भाषेत ळ आहे, आणि तो आपल्यापेक्षा सुरेख म्हणतात. पण त्यांच्या कागदावर तो कधी आलाच नव्हता.

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. फेटा सारखा करत तो म्हणाला, "मंग ठीक हाय. वंगाळ वाटून घेऊ नगा, बाई. पोरगी झ्याक हाय, सातवी शिकल्याली. पन गावात येक जन म्हनला, आजी मेली न्हाई, न्हेऊन सोडलीया. म्हनून खात्री केली."

"करावी की," ठकूबाई म्हणाल्या. "लेकीबाळीचं काम हाय." आणि जायला वळता वळता विचारलं, "नाव काय वो पोरीचं?"

"घरात ठकूच म्हनत्यात. आजीचं नाव. शाळंत शकुंतला हाय."

"ब्येस," त्या म्हणाल्या आणि ड्रेसिंगला निघून गेल्या.

माणसं गेल्यावर त्या ऑफिसात आल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या आणि खाली बसल्या.

"काडा ती वही," त्या म्हणाल्या. "कुटलं आक्षार त्ये?"

मी दाखवलं. त्या त्या ळकडं वाकून बघत राहिल्या.

"येवडंच?"

"एवढंच."

"त्या गोऱ्या डाक्टराच्या तोंडात ह्येच आक्षार न्हवतं. पैल्या दिवशी म्या सांगतिया नाळे, त्यो म्हनतुया नाले. म्या नाळे, त्यो नाले. आन् मंग माझ्या मनात आलं, बरं हाय की! नाले म्हनून आमच्या आख्ख्या वाडीत कुनी न्हाई. ह्या नावानं ऱ्हायले तर माझा डाग कुनाच्या दारात जायाचा न्हाई. लई हलकं वाटलं बगा तवा."

मी ब्लेड घेतलं आणि तो ळ खरवडला. त्या जागी ल लिहिला. कागद तिथं पातळ झाला.

"आता येक वचन द्या. नाळे म्हनून कुनी बी येऊ दे, न्हाई म्हनायचं."

"कुणीही?"

"कुनी बी. म्या सांगंस्तवर न्हाई."

मी वचन दिलं. नातीचं नाव त्यांनी पुढं कितीदा तरी काढलं. मोट्यांना सांगितलं, भाजी निवडणाऱ्या बायकांना सांगितलं, फक्त कुणाची कोण ते सांगितलं नाही. "येक पोरगी हाय, सातवी शिकल्याली," एवढंच म्हणायच्या आणि शेपूची जुडी बांधत राहायच्या.

वैशाखात तो आला.

सकाळी दहाचा सुमार. मी एकटाच होतो. चाळिशीचा माणूस, उंच, जरासा पोक काढून चालणारा. कपाळावर टक्कल पडायला लागलेलं. पायरीवर वहाणा काढून सरळ आत आला आणि कोपऱ्यातल्या माठाकडं बोट करून म्हणाला, "घेऊ का जरा?" मी हो म्हणायच्या आत त्यानं तांब्या भरून घेतला. तो प्याला तोवरच मला कळलं, हा कोण आहे ते.

"म्या शिरपती नाळे. बोरखडीचा," तो म्हणाला. "माझी आय हितं हाय का?"

मी वहीवर हात ठेवला. "नाळे नावाचं इथं कुणी नाही."

"ठकू नाळे."

"नाही. एक नाले आहेत. बार्शीकडच्या."

"ते सोयऱ्यांनी सांगितलं. त्यास्नी काय वाटलं न्हाई, पन मला येक खटकलं." तो माझ्यासमोरच्या बाकावर बसला. "ते म्हनले, जाताना त्या बाईनं पोरीचं नाव इचारलं. बार्शीकडल्या बाईला आमच्या पोरीचं नाव कशाला पायजे, भाऊसाहेब?"

मी दौतीचं झाकण लावलं.

"दोन यत्ता शिकलोय म्या. वही बगू का?"

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मी मराठी वही त्याच्यापुढं सरकवली; तिच्यात गावं नव्हती, नुसती नावं होती. त्यानं बोट लावून एकेक नाव वाचत आणलं आणि तिथं थांबला. "ल हाय," म्हणाला. मग तेच बोट त्यानं कागदावर हलकं फिरवलं. "हितं खरवडलंय."

"माझीच चूक झाली होती. दुरुस्त केली."

"आस्सं."

"लग्न कधी आहे?" मी विचारलं.

"चार दिस ऱ्हायल्यात. म्या बी कुनाला सांगून आलो न्हाई. बस्त्याला जातो म्हनून निगालो." तो उठला. दारात एकदा थांबून त्यानं मळ्याच्या बाजूला बघितलं. तिथं चार-पाच बायका वाकून काम करत होत्या, सगळ्यांची डोकी पदरानं झाकलेली, सगळ्या पाठमोऱ्या. तो किती वेळ बघत होता ते मला सांगता येणार नाही. मी वहीत मान घालून बसलो होतो. मान वर केली तेव्हा तो फाट्याच्या वाटेला लागला होता.

मी वचन पाळलं होतं. पण तेवढ्यानं माझ्या मनाचं समाधान होईना. फाटा अर्ध्या मैलावर होता आणि एसटी यायला अजून अवकाश होता. मी मळ्याकडं पळालो.

ठकूबाई वांग्याच्या वाफ्यात होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं. "तुमचा मुलगा आला होता. श्रीपती."

त्या बांधावर बसल्या.

"काय सांगितलं त्याला?"

"नाही म्हणालो."

"ब्येस क्येलं." आणि लगेच, "कवा गेला?"

"आत्ताच. एसटी यायची आहे अजून. मी पळत गेलो तर गाठतो त्याला. तुम्ही सांगेपर्यंत नाही म्हणायचं, असं म्हणाला होतात. आता सांगा. बोलावू?"

त्या फाट्याच्या बाजूला बघत होत्या, पण मध्ये घाणेरीची जाळी होती. दिसण्यासारखं काही नव्हतं.

"कसा झालाय?"

"उंच आहे. जरा वाकून चालतो. टक्कल पडतंय."

"बाच्या वळनावर गेला." आणि मग, "लगीन कवाचं?"

"चार दिवसांनी."

"मंग नगं," त्या म्हणाल्या. "चार दिस न्हवं, कदीच नगं. पोरीच्या मागं दुसऱ्या पोरी आसत्याल."

मला रडू कोसळलं. सिस्टरांच्या मलमपट्टीला न रडणारी ती बाई माझ्याकडं बघत राहिली, आणि मी तेवीस वर्षांचा घोडा वांग्याच्या वाफ्यात उभा राहून रडत होतो. शेवटी त्यांनीच माझी समजूत घातल्यासारखं विचारलं, "काय म्हनला वो त्यो? माझं नाव घेतलं का?"

"घेतलं. ठकू नाळे म्हणाला. माझी आई इथं आहे का, असं विचारलं."

"आई म्हनला?"

"हो. आई."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "आई न्हाई म्हनायचा. आमच्यात आई म्हनत न्हाईत."

खरंच होतं. तो तसं म्हणालाच नव्हता. मी माझ्या सवयीनं त्याचं बोलणं शुद्ध करून सांगत होतो.

"आय म्हणाला," मी कबूल केलं.

"मंग तसं म्हना की. म्या आयकलं न्हाई न्हवं."

"आय," मी म्हणालो.

"कागदावरचं वाचल्यागत म्हनताय. त्यो वड्यापल्याडनं हाक मारायचा. मोट्यांदा."

फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला. दार आपटल्याचं ऐकू आलं. गाडी निघाली तसा तिचा आवाज चढत गेला, आणि ठकूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी कुणी बघतंय का हे न बघता, माझ्या आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून हाक मारली.

"आय!"

"काय रं?" ठकूबाई म्हणाल्या.